विहीणबाईंनी मारलेली हाक

इथले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वाचायचं, मनातल्या मनात ‘आधी बीपी चेक करून घ्या’ म्हणायचं आणि भाजी फोडणीला टाकायची... बाहेरची बाधा, नजर, भुतंखेतं यातलं काहीही मी कधी मानलेलं नाही. माहेरी वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, आमच्याकडे सत्यनारायणसुद्धा होत नसे. मी स्वतः जर्मनीत ब्राउनश्वाइगला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पंचवीसेक वर्षं झाली. माझं कामच मोजायचं, आणि मोजता येत नाही त्याच्या नादी लागायचं नाही. तरी आज हे लिहायला बसलेय, कारण जे घडलं ते माझ्या घरात, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आधी माणसं सांगते. माझे मिस्टर मुकुंद, मेकॅनिकल इंजिनियर. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये आयुष्य गेलं, आता रिटायर्ड. कौस्तुभ हा एकुलता एक मुलगा, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून देतो. आणि त्याची बायको रोमाउली, आम्ही रोमा म्हणतो. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरची, बाटाक समाजातली. नर्सिंग शिकायला इकडे आली, कौस्तुभशी ओळख झाली, आणि श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणी कचेरीत, जाऊन दोघांनी सह्या केल्या. मला ती आई म्हणते, बोलते मात्र जर्मन.

मुकुंद म्हणजे भांडका माणूस. वाईट अर्थाने नाही म्हणत मी. त्यांना जगात कुठेही काही चुकलेलं दिसलं की राहवत नाही, एवढंच. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये हिटिंगच्या हिशोबावरून, बेकरीत ब्रेड कसा कापला त्यावरून, माझ्याशी चहात आलं आधी की साखर आधी यावरून... दिवसभर तोंड चालू. मी कंटाळायची. कधीकधी वाटायचं, हा माणूस जरा गप्प बसला तर किती बरं होईल.

तर रोमाच्या घरच्यांच्या मते कागदावरचं लग्न ते लग्न नव्हे. त्यांच्यात जावई परक्या समाजातला असेल तर त्याला आधी एका बाटाक कुळात दत्तक घेतात, आडनाव देतात, मग विधी होतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघं तिच्या गावी गेलो.

गाव तोबा तळ्यातल्या सामोसिर बेटावर. तोबा म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं प्रचंड पाणी, काठापासून चार पावलं आत गेलं की पायाखालची जमीनच संपते. फेरी जिथे लागते त्या बाजूला हॉटेलं, भाड्याच्या स्कूटर, केळ्याचे पॅनकेक, सगळं टुरिस्टांसाठी. तिथून काठाकाठाने तासभर आत गेलं की हे गाव लागतं. दोन्ही टोकं वर उचललेल्या छपरांची लाकडी घरं, छपरांवर आता पत्रे. मधल्या अंगणात कांदे वाळत घातलेले, एका घरावर ‘होमस्टे’ अशी पाटी, बायका ओट्यावर बसून माग चालवतायत आणि कोंबड्या पायांत. शेतांमध्ये क्रूस लावलेली सिमेंटची थडगी, राहत्या घरांपेक्षा छान रंगवलेली. सगळं गाव ख्रिश्चन. फार पूर्वी जर्मन मिशनरी तिकडे गेले होते, चर्चमध्ये गाण्यांच्या चाली ऐकून मुकुंद म्हणाले, अरे, ही तर आपल्या शेजारच्या चर्चमधली.

रोमाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, माझ्याच वयाच्या. नवरा गेलेला. कांद्याची थोडी शेती करतात, शाली विणतात आणि चर्चमध्ये गातात. त्यांच्या आणि आमच्यात एकही भाषा सामाईक नाही. तिकडे व्याह्यांना ‘बेसान’ म्हणतात हे कळल्यावर मी आणि मुकुंद पोट धरून हसलो होतो, आणि मग रोमाने त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्याही हसल्या. त्यानंतर त्या मुकुंदना हाक मारताना मुद्दाम ठसक्यात “बेसान!” म्हणायच्या.

विधी दिवसभर चालले. आमच्या खांद्यांवर विणलेल्या शाली पांघरल्या, डोक्यावर तांदूळ ठेवले. मुकुंद माझ्या कानात म्हणाले, अगं, या तर अक्षताच. जेवणात मासा होता आणि त्यात चक्क तिरफळासारखं काहीतरी घातलेलं. एकूण मला तिथे परकं वाटलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मुकुंदना होडीत बसायचं होतं. रोमाचे मामा त्यांना छोट्या लाकडी होडीतून जरा फिरवून घेऊन आले. धक्क्यावर उतरताना होडी हलली आणि मुकुंद पाण्यात पडले. त्यांना पोहता येतं, लहानपणी वाईला कृष्णेत शिकलेत, त्यामुळे मी आधी हसलेच. पण ते वर येईनात. मी हातातला कप खाली ठेवला आणि धावले. मी धक्क्यावर पोचेपर्यंत मामांनी उडी मारून त्यांना काखेत धरून वर आणलं होतं. जरा खोकले, पाणी थुंकले आणि म्हणाले, “पाणी काय गार आहे गं.” बस. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

सगळे हसत होते, फक्त विहीणबाई हसत नव्हत्या. त्या घरात गेल्या आणि वाटीभर तांदूळ आणि एक उकडलेलं अंडं घेऊन आल्या, मुकुंदना हाताने ‘बसा, बसा’ करायला लागल्या. पण खाली व्हॅन येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ही फेरी चुकली तर पुढे विमान चुकणार. रोमा आईला काहीतरी समजावत राहिली, आईही काहीतरी सांगत राहिली... शेवटी मुकुंदनी शर्ट बदलला, सगळ्यांच्या पाया पडून झालं आणि आम्ही निघालो. ओला शर्ट तिकडेच दोरीवर राहिला. व्हॅनमध्ये मी रोमाला विचारलं, आई काय म्हणत होत्या? ती म्हणाली, काही नाही, गावाकडच्या समजुती.

परत आल्यावर पहिले काही दिवस मला वाटलं, प्रवासाचा शीण आहे. मुकुंद गप्प होते. चहा ठेवला की प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. एकदा भाजीत मीठच घालायला विसरले मी, त्यांनी सगळी भाजी खाल्ली. बिल्डिंगच्या मीटिंगला गेले आणि एक शब्द न बोलता परत आले. शेजारच्या फ्राऊने मला जिन्यात गाठून विचारलं, तुमच्या मिस्टरांना बरं नाही का?

काहीही विचारलं की “हो, चालेल.” टीव्ही लावू का? हो, चालेल. बंद करू? हो, चालेल. नाव घेऊन हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. कान तपासले, उत्तम. खांद्याला हात लावला की मात्र वळायचे, आणि माझ्याकडे असे बघायचे की जणू मी खूप लांब उभी आहे. पाय कायम गार. दोन दोन मोजे घालून, गरम पाण्याची पिशवी देऊनही गार. दुःखी दिसत नव्हते हो, हे मला नीट सांगता येत नाही. उलट चेहरा शांत होता. घरात एक अतिशय सभ्य पाहुणा राहायला आलाय, असं वाटायचं.

हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर झाले, न्यूरोलॉजिस्ट झाले. टेरमिन, म्हणजे अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागले, पण सगळं केलं. रक्त, थायरॉइड, डोक्याचा एमआरटी म्हणजे आपला एमआरआय. कुठेही काही नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, नुकतेच रिटायर झालेत, पुरुषांना असं होतं, डिप्रेशनची सुरुवात आहे. गोळ्या दिल्या. मलाही ते पटलं. मी स्वतः वेळच्या वेळी गोळ्या देत होते.

मग ऑक्टोबरमध्ये एका दुपारी आम्ही भाजी घेऊन येत होतो. मुकुंद माझ्या पुढे होते. समोरून श्ट्रासेनबान, इथली ट्रॅम, येत होती, ड्रायव्हर घंटी वाजवत होता, मी “मुकुंद! मुकुंद!” ओरडत होते, आणि हा माणूस तळ्याकाठी फिरायला निघाल्यासारखा सरळ रुळांवर चालत गेला. ट्रॅम करकचून ब्रेक लावून हातभर अंतरावर थांबली. मुकुंदनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिथेच फुटपाथवर बसले. पिशवीतली संत्री रस्त्यावर घरंगळली होती, ती कुणी गोळा केली तेही मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी कौस्तुभ आणि रोमा आले. मुकुंद आत झोपले होते. रोमाने हातातला कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, “आई, मी नर्स आहे, मला हे सांगायची लाज वाटते. पण आता सांगते.”

तिचं म्हणणं असं, की त्यांच्या लोकांत माणसाच्या आत एक ‘तोंदी’ असतो. जीव म्हणा, आत्मा म्हणा, पण तो जिवंतपणी असतो. माणूस फार दचकला, पाण्यात पडला, की तोंदी तिथेच राहून जातो. शरीर घरी येतं, तोंदी येत नाही. मग तांदूळ घेऊन, नावाने हाक मारून त्याला परत बोलवावं लागतं. विहीणबाईंना त्या सकाळी तेच करायचं होतं. चर्चमध्ये पाद्री याला नावं ठेवतो, पण करतात सगळे. आणि तेव्हापासून दर फोनवर आई रोमाला विचारत होती, बेसान परत आले का? रोमा सांगायची, हो, कधीच आले, ब्राउनश्वाइगलाच आहेत. आई म्हणायची, मी ते विचारत नाहीये.

कौस्तुभ वैतागला, जर्मनमध्ये काहीतरी बोलला. मी म्हटलं, करू दे त्यांना काय करायचंय ते. विश्वास बसला म्हणून नाही म्हटलं मी. त्या ट्रॅमनंतर मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पुढच्या शनिवारी विहीणबाई दोरीवरचा तो शर्ट, तांदूळ आणि अंडं घेऊन धक्क्यावर गेल्या. तिकडे दुपार, इकडे सकाळ. मुकुंद खिडकीशी बसून होते. काहीही झालं नाही. मला तर हायसंच वाटलं थोडं, की चला, आपण वेडे नाही.

पण दुपारी रोमाचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच होता. ती म्हणाली, आईने हाक मारली, मुकुंद, मुकुंद. ते तिथेच आहेत म्हणते, धक्क्याच्या पलीकडे पाण्यात पाय सोडून बसलेत. पण उठत नाहीत. त्यांच्या शेजारी एक बाई बसलीय. ती बाई आईला म्हणाली, या नावाने तो यायचा नाही. आणि तिने दुसरं नाव सांगितलं.

“कोण बाई?” मी विचारलं.

“आईने पाहिलं नाही तिच्याकडे. पाहायचं नसतं.”

“मग नाव काय?”

“बिकू,” रोमा म्हणाली. “काही अर्थ आहे का याचा?”

मला काही अर्थ लागेना. पस्तीस वर्षांच्या संसारात मी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मुकुंदना घरी कुणी टोपणनावाने हाक मारत नाही, लग्नात उखाण्यातही सगळ्यांनी मला मुकुंद हेच नाव घ्यायला लावलं होतं. संध्याकाळी मी वाईला माझ्या नणंदेला, अक्कांना, फोन लावला. त्या मुकुंदपेक्षा बऱ्याच मोठ्या. तब्येतीचं बोलून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, अक्का, बिकू म्हणजे काय हो? काही ओळखीचं वाटतं का?

पलीकडे चालू असलेला टीव्ही अक्कांनी बंद केला.

“भिकू,” अक्का म्हणाल्या. “तुला कुणी सांगितलं?”

मग त्यांनी सांगितलं. अक्कांच्या पाठचे दोन भाऊ बाळपणीच गेले होते. मग मुकुंद झाले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सासूबाईंनी पाच घरी पदर पसरून मूल भिक्षा म्हणून मागून घेतलं आणि त्याला भिकू म्हणायला लागल्या, म्हणजे भिकेत मिळालेलं, कुणी नेण्यासारखं नाही असं. घरात फक्त त्याच म्हणायच्या. मुकुंद चालायला-बोलायला लागले, धोका टळला असं वाटलं, तेव्हा सासऱ्यांनी ते नाव बंद करायला लावलं. “त्यालासुद्धा आठवत नसेल गं,” अक्का म्हणाल्या. “मीच विसरले होते.”

सासूबाईंना मी कधी भेटलेले नाही. आमचं लग्न ठरायच्या आधीच त्या गेल्या.

मी अक्कांना काहीतरी थाप मारली आणि फोन ठेवला. मग खूप वेळ टेबलाशी बसून लॅबमध्ये करते तसा विचार केला. मुकुंदनी स्वतः विहीणबाईंना सांगितलं असेल? कुठल्या भाषेत? कौस्तुभने? त्याला आजीचं खरं नावसुद्धा नीट सांगता येत नाही. अक्का त्या लग्नाला आल्याच नव्हत्या. एकही रस्ता सापडेना. रोमाला फोन करून फक्त एवढं सांगितलं, आईंना सांग, नाव बरोबर आहे.

त्यानंतरचा शनिवार. मुकुंदना मी काहीच सांगितलं नव्हतं, विहीणबाई नक्की किती वाजता जाणार तेही मला ठाऊक नव्हतं. मी पोहे केले, त्यांच्यासमोर बशी ठेवली, चहा ठेवला आणि मागे वळून कढई धुवायला घेतली.

“ओ,” मुकुंद म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते ताठ बसले होते, बाल्कनीच्या बंद दाराकडे बघत. बाहेर पाऊस होता आणि समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

“ओ, आलो, आलो,” ते म्हणाले. लहान मुलं खेळातून घरी येताना म्हणतात ना, तसं, जरा कुरकुरत. मग उठून उभे राहिले, खुर्ची मागे पडली त्या आवाजाने दचकले, आणि माझ्याकडे बघितलं. खरंच माझ्याकडे. मी गॅस बंद केला, का केला कोण जाणे, त्यावर काहीच नव्हतं.

“काय गं, अशी काय बघतेस?” ते म्हणाले. खुर्ची उचलून बसले, चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गार झालाय. आणि आलं कुठंय यात?”

मी कढई तशीच सिंकमध्ये सोडली आणि रडायला लागले. त्यांना काही कळेना. मग त्यांनाच एकदम काहीतरी झालं, थंडी वाजायला लागली, दातावर दात आपटायला लागले. मी त्यांना दोन रजया घालून झोपवलं, ते दिवसभर झोपले. संध्याकाळी पाय चोळायला घेतले तर गरम होते. थोड्या वेळाने रोमाचा फोन आला, तिची आई म्हणत होती की यावेळी पहिल्याच हाकेला उठले, आता त्यांना ते अंडं खायला द्या. तिकडचं अंडं काही देता येणार नव्हतं, मी आमच्या फ्रीजमधलं एक उकडून दिलं. मीठ कमी आहे म्हणाले.

पुढच्या टेरमिनला न्यूरोलॉजिस्ट खूश झाले. म्हणाले, आल्झो, गोळ्या लागू पडायला एवढा वेळ लागतोच. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. आणि खरंच, तसंही असेल. गोळ्यांचा काळ जुळतो, मी स्वतः मोजून पाहिलाय. फक्त त्या नावाचं काय करायचं, ते गोळ्यांत बसत नाही.

मुकुंदना मी यातलं काहीच सांगितलं नाही. ना विहीणबाईंचं, ना अक्कांचं, ना त्या नावाचं. रोमा आणि कौस्तुभलाही बजावलं. मुकुंदना त्या महिन्यांचं फारसं आठवत नाही, ट्रॅमचं तर अजिबात नाही. आता पूर्ववत आहेत, मागच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून बिल्डिंगची व्यवस्था बघणाऱ्या हाउसफरवाल्टुंगच्या माणसाला त्यांनी रडकुंडीला आणलं.

इतकंच असतं तर कदाचित मी इथे लिहिलंही नसतं. पण या मे महिन्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरात श्पारगेल, इकडचं पांढरं अस्पॅरॅगस, सोलत बसलो होतो. रेडिओवर बातम्या चालू होत्या. मुकुंद मध्येच, मान वर न करता म्हणाले,

“तिथं बरं होतं गं.”

“कुठे?”

“तळ्यावर. पाण्यात पाय सोडून बसलो होतो. आई होती शेजारी.”

मी सोलत राहिले, मला भीती वाटली की मी थांबले तर ते गप्प होतील.

“मला काही उठायचं नव्हतं,” ते म्हणाले. “पण तीच म्हणाली, ऊठ. म्हटलं, बसू दे ना अजून जरा. तर म्हणाली, मी नाही का तुला एकदा मागून घेतलं? आता ती धक्क्यावरची बाईही मागतेय.”

मग त्यांनी पुढची काडी उचलली आणि सोलायला लागले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर खरंच लिहा. विहीणबाईंना मी फोनवर धन्यवाद म्हणू शकते, रोमा भाषांतर करते. दुसऱ्या बाईंना कसं सांगायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.